साठवणीच्या धान्याला कीड लागू नये म्हणून: निंबोळी, निर्गुडी, वेखंड आणि राख नेमकी कशी वापरायची

जोंधळ्याच्या पोत्यात लिंबाचा (कडुलिंबाचा) पाला घातला होता, तरी आखाडात सोंडे निघालेच. ही तक्रार बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत दर पावसाळ्यात ऐकू येते. बहुतेक वेळा पाल्याचा दोष नसतो. धान्य अर्धवट वाळलेलं असतं, कीड आधीच दाण्यात शिरलेली असते आणि पोतं गेल्या वर्षीचंच असतं. पाला, निंबोळीची भुकटी, वेखंड ही सगळी राखणदाराची कामं करतात. आत शिरलेला चोर त्यांना सहसा मारता येत नाही. म्हणून औषधाआधीची कामं इथे जरा विस्ताराने सांगितली आहेत. ती झाल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही.

कोणती कीड, ते आधी ओळखा

आपल्या भागात घरोघरी त्रास देणारे मुख्य दोघे. पहिला सोंड्या. तांदूळ, जोंधळा, गहू, मका यांवर येतो. तपकिरी-काळा, तीनेक मिलिमीटर लांब, पुढे सोंड. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावते. अशी तीनशे-चारशे अंडी ती आयुष्यात घालते. अळी आणि कोष दोन्ही दाण्याच्या आतच वाढतात, त्यामुळे वरून पोतं स्वच्छ दिसतं. उबदार हवेत महिना-सव्वा महिन्यात नवा सोंड्या दाणा फोडून बाहेर येतो आणि पुढे चार-पाच महिने जगतो.

दुसरा कडधान्याचा भुंगा. हरभरा, मूग, तूर, हुलगे, अलसंदे (चवळी), मसूर यांतलं त्याला काहीही चालतं. याची गोष्ट वेगळी आहे. तो शेतातूनच येतो, पिकत आलेल्या शेंगेवर अंडं चिकटवतो आणि मळणीबरोबर घरात पोचतो. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले की ती त्याची अंडी. मोठा भुंगा काही खात नाही, दहा-बारा दिवसांत मरतो, पण तेवढ्यात मादी ऐंशी-शंभर अंडी घालून मोकळी होते. अंडी दाण्याच्या वर उघडी असतात, हे लक्षात ठेवा. तेलाचा उपाय भुंग्यावर का चालतो आणि सोंड्यावर का चालत नाही, ते यातच आहे.

याशिवाय खानापूर, हल्याळ भागात भातावर पतंग येतो, पिठात आणि रव्यात तांबडा भुंगेरा. ते बेताचे, धान्य कोरडं आणि बंद असलं की आटोक्यात राहतात.

धान्याच्या तीन वाटण्या करा

सुगी झाली, मळणी झाली की सगळं धान्य एका ढिगात ठेवून एकच औषध लावण्याची सवय सोडा. बियाण्याचं वेगळं, घरात खायचं वेगळं, विकायचं वेगळं. बियाण्याला निंबोळीची किंवा वेखंडाची भुकटी बिनधास्त चोळता येते, कारण ते पोटात जाणार नसतं. खायच्या धान्याला हीच भुकटी लावली तर भाकरी कडू होते आणि वेखंडाच्या बाबतीत तर धोकाही आहे. विकायच्या मालाला काहीच लावू नका. वाळवा, नव्या पोत्यात भरा आणि लवकर विका. औषधाचा वास आला तर व्यापारी भाव पाडतो.

वाळवण

तृणधान्यात ओलावा बारा टक्क्यांवर आणि कडधान्यात नऊ-दहा टक्क्यांवर आणायचा. सोंड्याची पैदास ओलाव्यावर चालते. दाण्यात नऊ-दहा टक्क्यांहून कमी पाणी असेल तर त्याला वाढताच येत नाही. मीटर नसेल तर दाताखाली धरून बघा: शाळूचा दाणा कट्ट आवाज करून फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. आणखी एक साधी परीक्षा मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, अजून दोन-तीन उन्हं द्या. मीठ चिकटलं नाही म्हणजे काम झालं असं मात्र नाही, दाताची परीक्षा त्यानंतरही करा.

वाळवण ताडपत्रीवर करा. सारवलेल्या खळ्याच्या भेगांत जुनी कीड बसलेली असते. संध्याकाळी तापलेलं धान्य तसंच पोत्यात भरू नका. रात्रभर झाकून निवू द्या आणि सकाळी भरा. गरम धान्य बंद भांड्यात घातलं की झाकणाला आतून घाम येतो आणि वरच्या थराला बुरशी धरते.

सडलेला, म्हणजे टरफल काढलेला, तांदूळ उन्हात घालू नका, तो तडकतो. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात जुनी माणसं भात भातच ठेवत आणि लागेल तसं गिरणीवर नेत. ही पद्धत आजही सगळ्यात शहाणी आहे. टरफल शाबूत असलेल्या भाताला सोंड्या फारसं काही करू शकत नाही. वर्षाचा तांदूळ एकदम काढून ठेवला की मग आपण त्याच्या मागे पळत बसतो.

प्लास्टिकखालचं ऊन

दाण्याच्या आत बसलेली अळी मारायची असेल तर पाला-भुकटीच्या नादी लागू नका, उष्णता वापरा. एप्रिल-मे महिन्यात, वळवाचं आभाळ नसेल असा दिवस बघून हे करा.

जमिनीवर आधी पेंढा किंवा जुनी पोती पसरा, म्हणजे खालून उष्णता निघून जाणार नाही. त्यावर काळी ताडपत्री. तिच्यावर धान्य एक-दीड बोट जाडीने पसरा. वरून पारदर्शक प्लास्टिकचा कागद घाला आणि कडा दगडांनी दाबून बंद करा. अकराला घातलेलं तीनपर्यंत राहू द्या. आतलं तापमान साठ अंशांच्या आसपास जातं आणि भुंग्याची अंडी, अळी, कोष, सगळं त्यात मरतं. हरभरा, मसूर, तूर, हुलगे यांना हा उपाय फार चांगला लागू पडतो. बियाण्यालाही चालतो, फक्त ते आधी खडखडीत वाळलेलं हवं. ओलसर बियाणं असं तापवलं तर उगवण जाते. भुईमुगाच्या आणि सोयाबीनच्या बियाण्याला हे करू नका.

मग धान्य निववा, चाळा, आणि आता त्याला वनस्पतींची राखण द्या.

पोती, कोठी, कणगी

जुनी पोती उलटी करून झटका. शिवणीत सोंडे असतातच. ती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवा. पत्र्याची कोठी रिकामी करून, कोपऱ्यांतलं पीठ कुंच्याने काढून, दिवसभर उघडी उन्हात ठेवा. कणगी असेल तर शेण-मातीचं लिंपण नव्याने द्या. लिंपण कालवताना पाण्याऐवजी लिंबाच्या पाल्याचा काढा घातला तर उत्तम. पण लिंपण पूर्ण वाळायला आठवडा तरी लागतो, घाईने धान्य भरू नका. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. खानापूरकडच्या घरांत पावसाळ्यात भिंतीलाच पाझर असतो, तिथे हे अंतर फार महत्त्वाचं.

आधी पूर्वेकडच्या कोरड्या भागात जोंधळा पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवत. पेव गच्च भरून बंद केलं की आतला प्राणवायू संपतो आणि कीड गुदमरते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरलेली माणसंही अशीच गेली आहेत. हे तत्त्व आज पत्र्याच्या कोठीत वापरता येतं: कोठी काठोकाठ भरा, मोकळी जागा ठेवू नका, झाकणाच्या फटीला मातीचं किंवा मेणाचं लिंपण द्या आणि महिनाभर उघडू नका. रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या डब्यात.

निंबोळी: गोळा करण्यापासून भुकटीपर्यंत

पाल्यापेक्षा निंबोळीत दम जास्त. किडीची भूक आणि वाढ बंद करणारं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य बियांच्या गरात सगळ्यात जास्त असतं. अडचण वेळेची आहे. निंबोळी पिकते जून-जुलैत आणि शाळू, हरभरा, मसूर घरात येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे यंदा वेचलेली निंबोळी नोव्हेंबरच्या भाताला ताजी मिळते, पण रब्बीच्या धान्यापर्यंत तिला सात-आठ महिने नीट सांभाळावं लागतं. वर्षापेक्षा जुनी निंबोळी वापरू नका, तिचा कडूपणा राहतो पण जोर कमी होतो.

रामदुर्ग, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडे लिंब बांधाबांधावर आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तो कमी. तिकडच्या मंडळींनी पूर्वेकडच्या पाहुण्यांना आखाडात फोन करून ठेवावा. भात देऊन निंबोळी घेण्यात तोटा कुणाचाच नाही.

बकाणा लिंबाशी गल्लत करू नका. त्याची फुलं जांभळट असतात, पानं दोन-तीनदा फाटे फुटलेली, आणि पिवळी गोल फळं पानं गळाल्यावरही झाडावर लोंबत राहतात. ती फळं विषारी आहेत. आपल्या लिंबाचं फूल पांढरं, पानाला एकच दांडा आणि दोन्ही बाजूंना पाती.

पिवळ्या झालेल्या निंबोळ्या झाडाखाली कापड टाकून रोज वेचा. चिखलात पडून राहिलेल्या, काळ्या पडलेल्या घेऊ नका, त्यांत बुरशी असते आणि तीच पुढे बियाण्यात जाते. पाण्यात चोळून साल आणि बियांवरचा चिकट गर काढा, बिया स्वच्छ धुवा. दोन-तीन तास उन्हं दाखवून पुढे सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. कडक उन्हात जास्त वेळ ठेवलं की अझाडिरॅक्टिन उडतं. वाळलेल्या बिया तागाच्या पोत्यात, वारा खेळेल अशा जागी टांगून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी येते.

भुकटी मात्र आयत्या वेळी करा. बिया उखळात हलक्या हाताने फोडून टरफल पाखडा, आतला गर कांडून रवाळ करा. गर तेलकट असतो, त्यामुळे मिक्सरला लगदा होतो, उखळ बरं. तेवढी खटपट नको असेल तर टरफलासकट कुटा आणि प्रमाण दीडपट धरा.

बियाण्याला काय आणि किती

निंबोळीच्या गराची भुकटी एक किलो बियाण्याला दहा ते वीस ग्रॅम. म्हणजे क्विंटलला एक ते दोन किलो. ताडपत्रीवर बियाणं पसरून भुकटी शिंपडा आणि दोघांनी मिळून खोऱ्याने चार-पाचदा खालीवर करा. पोत्यात वरून ओंजळभर टाकून काही होत नाही, भुकटी दाण्यादाण्याला लागली पाहिजे.

पोत्याला वेगळं औषध द्यायचं असेल तर एक किलो गराची भुकटी दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, थोडं साबणाचं पाणी मिसळा आणि रिकामी पोती त्यात अर्धा तास बुडवून सावलीत वाळवा. आतल्या धान्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर खायच्या धान्याच्या पोत्यालाही ही पद्धत चालते.

वेखंड काष्ठौषधींच्या दुकानात सुकं मिळतं. कानडी दुकानदाराकडे ‘बजे’ म्हणून मागा. त्याचे कांडे कुटून, चाळून, किलोला दहा ग्रॅम या प्रमाणात कडधान्याच्या बियाण्याला लावा. भुंग्यावर वेखंडाइतका जालीम घरगुती उपाय दुसरा मला माहीत नाही. त्यातल्या असारोन या द्रव्यामुळे मादीची अंडीच फळत नाहीत. पण हेच द्रव्य प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाला कारण ठरलेलं आहे. बाळाला वेखंडाची गुटी देतो मग डाळीत काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. तरी खायच्या धान्यात ते घालू नका.

राख ही गरिबाघरची म्हणून मागे पडली, पण हुलगे, अलसंदे, पावटा यांच्या बियाण्याला तिच्यासारखी स्वस्त गोष्ट नाही. कीड तिच्यात चालू शकत नाही, अंग खरचटून किडीतलं पाणी जातं आणि दाण्यांमधल्या फटी भरल्यामुळे तिला फिरायला जागा राहत नाही. मात्र प्रमाण हवं. दोन मापं बियाण्याला एक माप चाळलेली, पूर्ण निवलेली राख, आणि मडकं भरल्यावर वरून दोन बोटं राखेचा थर. मूठभर राखेने समाधान होतं, राखण होत नाही. शेणीची किंवा लाकडाची राख घ्या. प्लास्टिक, कचरा जाळलेल्या चुलीची नको.

निर्गुडी ओढ्याकाठी मुबलक आहे, म्हणून तिची आठवण पहिली येते. सावलीत कुरकुरीत वाळवलेला पाला दर क्विंटलला दोन ते पाच किलो, थराथराने घाला. वासामुळे बाहेरची कीड आत येत नाही. लिंबाच्या पाल्याचंही हेच. हिरवा पाला कधीही घालू नका, त्यातलं पाणी धान्यात उतरतं. पाल्याचा जोर दोन-तीन महिन्यांत संपतो, मग बदला.

खायच्या धान्याला

कडधान्याला तेल. किलोला पाच मिली, म्हणजे दहा किलो मसुरीला पन्नास मिली एरंडेल किंवा शेंगदाणा तेल. परातीत थोडी थोडी मसूर घेऊन हाताने चोळा, प्रत्येक दाणा चमकला पाहिजे. तेलाचा पापुद्रा अंड्याला श्वास घेऊ देत नाही आणि भुंग्याच्या मादीला दाण्यावर अंडं चिकटवता येत नाही. तीन-चार महिने हा उपाय टिकतो. पुढे शेंगदाणा तेल खवट होतं, म्हणून जास्त दिवस ठेवायचं तर एरंडेलच. जोंधळ्याला आणि तांदळाला तेल लावून फारसा फायदा नाही, कारण सोंड्याचं अंडं दाण्याच्या आत असतं.

लिंबाचं तेल खायच्या कडधान्याला लावू नका. ते पोटात गेल्याने लहान मुलं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. बियाण्याला पाच मिलीपर्यंत ठीक. त्यातही पिकावर फवारायचं मिळतं ते नव्हे, घाण्याचं शुद्ध तेल.

तुरीला तांबड्या मातीचा लेप देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. मातीचं दाट पाणी चोळून उन्हात खडखडीत वाळवलं की दाण्यावर कवच बसतं. शिजवण्याआधी दोन पाण्यांनी धुतलं की झालं. जमत असेल तर तूर, मूग, हरभरा यांची निम्मी तरी डाळ करूनच ठेवा. भुंग्याला अख्खा दाणा लागतो, डाळीवर त्याची पैदास नीट होत नाही. अख्खं ठेवायचंच असेल तर डब्यात वरून कापड अंथरून चार बोटं कोरडी बारीक वाळू टाका. आत निघालेला भुंगा वर येऊ शकत नाही.

जोंधळा, गहू यांना वाळवण, तापवण आणि बंद कोठी पुरते. थरांमध्ये निर्गुडीचा वाळला पाला फडक्यात बांधून ठेवा, म्हणजे चुरा धान्यात मिसळत नाही. तांदळाच्या डब्यात काळी मिरी, लवंग, तमालपत्र घालतात. वासाने थोडं परतवण्यापुरतं ते बरं आहे, कीड लागलेल्या तांदळाला त्याचा उपयोग नाही.

हे टाळा

निपाणीच्या परिसरात तंबाखूची भुकटी फुकट पडलेली असते आणि ती कीड मारते हेही खरं. पण निकोटिन माणसालाही विष आहे आणि ते कातडीतून शरीरात जातं. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, हा समज तंबाखूनेच खोटा ठरतो. सीताफळाच्या बियांची भुकटीही तशीच. डोळ्यात गेली तर डोळा जायबंदी होतो. मी ती बियाण्यालाही सुचवत नाही.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या शहरात सर्रास वापरतात. दोन्ही विषारी. गव्हातल्या गोळीचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडचं, तर नावच काढू नका. ओलाव्याने तिचा वायू होतो आणि बंद घरात झोपलेली माणसं त्याने दगावली आहेत. ती घरगुती वापरासाठी विकायला कायद्यानेही परवानगी नाही.

पावसाळ्यात लक्ष

मृग लागल्यापासून दर पंधरा दिवसांनी पोत्याच्या मधोमध कोपरापर्यंत हात घाला. ऊब लागली तर आत कीड आहे किंवा धान्य पाझरलं आहे. ओंजळभर दाणे पाण्यात टाका, पोखरलेले तरंगतात. शंभरात चार-पाच तरंगले तर ते पोतं लगेच बाजूला काढून चाळा आणि श्रावणातली पहिली उघडीप मिळताच प्लास्टिकखाली तापवा. तेवढं ऊन नसेल तर ते धान्य आधी खाऊन संपवा. काही अडलं, तर तुक्कानट्टी आणि मत्तीकोप्प इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत नमुना घेऊन जाता येतं.

बियाण्याच्या मडक्यावर, पोत्यावर मोठ्या अक्षरांत ‘बियाणं, खाऊ नये’ असं मराठीत आणि कानडीत लिहा. मजूर दोन्हीकडचे असतात. पेरणीच्या पंधरा दिवस आधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं राखा. पाच-सहा दिवसांनी मोजा. ऐंशीच्या वर उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा, साठ-सत्तर असतील तर बियाणं तेवढ्या प्रमाणात वाढवा, आणि त्याहून कमी असतील तर दुसरं बघा. उरलेलं निंबोळी किंवा वेखंड लावलेलं बियाणं धुऊन दळायला किंवा जनावरांना घालू नका, खड्ड्यात पुरून टाका.